तुम्ही विचारलंत म्हणून: दर रविवारी नदीवर कशाला?

"दर रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन करतेस तरी काय? बिबट्याची भीती नाही वाटत?" सोसायटीत, गाडीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. "शांत वाटतं" एवढंच सांगून मी सुटते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

भीती वाटते. म्हणून परवानगी असेल तेवढ्याच वाटेने जाते, अंधाराआधी परतते. आणि जाते ती बिबट्यासाठी नाही, दहिसर नदीसाठी. तुळशी तलावाकडून येते ती, उंबर-करंजांच्या सावलीतून, खडकांवरून. आत गेलं की हायवेचा आवाज विरतो आणि पाण्याचा सुरू होतो. हीच नदी पार्काबाहेर पडली की तबेल्यांचं शेण आणि सांडपाणी घेत वाहते, आणि लोक तिला नाला म्हणतात. मीही म्हणायचे. बाबा मात्र कायम नदीच म्हणत. लहानपणी ते तिच्यात पोहले होते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आम्ही नदीकाठी तळमजल्यावर राहायचो. पाणी आधी मोरीतून वर आलं, मग दारातून. पक्षाघातानंतर बाबा अंथरुणालाच खिळलेले. पाणी पलंगाला टेकलं तेव्हा शेजारच्या दोन मुलांनी त्यांना चादरीच्या झोळीत घालून वर न्यायला घेतलं. मी टॉर्च धरून पुढे. जिन्यात बाबा अडखळत म्हणाले, "नदी आली गं."

मी ओरडले, "नदी नाही बाबा, गटार आहे ते! गटार!"

मुलं क्षणभर थांबली. बाबांनी मान फिरवली. वरच्या काकूंनी रात्रभर चहा केला, कोरडे कपडे दिले. बाबा एक शब्द बोलले नाहीत. पाणी ओसरल्यावर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ राहिली. पुढे औषधांचं बोललो, पंचनाम्याचं बोललो. नदीचं नाही. दिवाळीआधी ते गेले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ऑफिसच्या लोकांबरोबर पार्कात गेले. वाटाड्या म्हणाला, "ही दहिसर नदी." डोहाचा तळ दिसत होता. बोटाएवढे मासे होते. मी हात बुडवला आणि मला तिथून उठवेना.

प्रायश्चित्त करतेस का, असं कृपा करून विचारू नका. माझं चुकलं असं मला दर वेळी वाटतही नाही. घरात शिरलं ते शेण होतं, तेल होतं, बाबांची गादी त्यात भिजत होती. त्याला मी दुसरं काय म्हणणार होते? पण त्या पाण्यात ते बाहेरून आलं होतं, आणि बाबांना ते ठाऊक होतं. मग वाटतं, निदान जिन्यात तरी गप्प बसायला हवं होतं.

मागच्या रविवारी पाऊस झालेला. पाणी गढूळ होतं, तळ दिसला नाही. तरी दोन तास बसले.