‘रोजची भाकर’: एका ग्रीक शब्दामागे गेलेले आठ महिने

आमच्या मंडळीतील (चर्चमधील) दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांना विश्वासात पक्के करण्याच्या वर्गाला प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, शिकवण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या ओळीपाशी एका मुलीने विचारले, ‘रोजची म्हटल्यावर पुन्हा आज कशाला?’ ही ओळ मी लहानपणापासून रोज म्हणत आलो आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता आणि त्या दिवशी त्याचे उत्तरही देता आले नाही. पुढच्या आठवड्यात सांगतो, असे मी तिला म्हणालो. प्रत्यक्षात आठ महिने लागले.

मला ग्रीक येत नव्हते. कामावरून आल्यावर रोज अर्धा तास बसून आधी लिपी शिकलो आणि मग प्रत्येक शब्दाखाली अर्थ दिलेला, मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला बायबलचा नवा करार व एक जुना शब्दकोश समोर ठेवून त्या एका ओळीला हात घातला. आपण जिथे ‘रोजची’ म्हणतो तिथे मुळात ‘एपिऊसिओस’ हे विशेषण आहे. नुसते ‘रोजचे’ एवढेच म्हणायचे असते, तर ग्रीकमध्ये साधा शब्द उपलब्ध होता: याकोबाच्या पत्रात (2:15) रोजच्या अन्नासाठी ‘एफेमेरोस’ हे विशेषण आले आहे. एपिऊसिओस मात्र संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी सापडतो, मत्तय 6:11 आणि लूक 11:3 (येशूचे जीवन सांगणाऱ्या दोन सुवार्ता), आणि ती दोन्ही ठिकाणे म्हणजे ही एकच प्रार्थना. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिगेन ग्रीकमध्येच लिहिणारा आणि शिकवणारा होता. तरीही त्याने प्रार्थनेवरील आपल्या ग्रंथात स्पष्ट नोंदवले आहे, की हा शब्द विद्वानांच्या लेखनात नाही, सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही आणि तो सुवार्ता लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा. हे वाचल्यावर मी काही दिवस थांबलो. ज्याची भाषा ग्रीक होती त्यालाच जो शब्द अनोळखी वाटला, त्याचा अर्थ मी कसा ठरवणार, असे वाटले.

पुढची वाट व्याकरणातून सापडली. शब्दाची फोड दोन तऱ्हांनी करता येते. ‘एपि’ आणि ‘ऊसिआ’ अशी केली, तर ऊसिआ म्हणजे अस्तित्व किंवा द्रव्य. मग अर्थ होतो ‘जगण्यास आवश्यक असलेली’ भाकर, किंवा ओरिगेनप्रमाणे आत्म्याला पोसणारी भाकर. दुसरी फोड ‘येणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आहे. त्यापासून झालेला ‘एपिऊसा’ हा शब्द ‘येणारा दिवस’ या अर्थाने चांगला प्रचारात होता. प्रेषितांची कृत्ये 16:11 येथे पौल दुसऱ्या दिवशी नियापुलीस पोहोचला, हे सांगताना तोच वापरला आहे. येथे शाळेत शिकलेली स्वरसंधी कामी आली. ग्रीकमध्ये ‘एपि’पुढे स्वर आला की शेवटचा ‘इ’ सहसा गळतो, म्हणजे पहिल्या फोडीतून ‘एपूसिओस’ असे रूप व्हायला हवे होते. दुसऱ्या फोडीत क्रियापदाचे रूपच ‘इ’ने सुरू होते, त्यामुळे ‘इ’ टिकणे स्वाभाविक ठरते. या नियमाला ‘एपिएइकेस’सारखे अपवाद आहेत, म्हणून एवढ्यावर निकाल लागत नाही, पण माझे मन दुसऱ्या फोडीकडे झुकले.

प्राचीन भाषांतरकारांचीही अशीच ओढाताण झाली होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस येरोम या ख्रिस्ती विद्वानाने लॅटिन सुवार्ता तपासून सुधारल्या, तेव्हा मत्तयात त्याने या शब्दासाठी ‘सुपरसुब्स्तान्तिआलेम’, म्हणजे द्रव्यापलीकडची, असा शब्द योजला आणि लूकमध्ये त्याच ग्रीक शब्दासाठी ‘क्वोतिदिआनुम’, म्हणजे रोजची, हाच जुना शब्द राहू दिला. शिवाय इब्र्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुवार्तेत येथे ‘महार’, म्हणजे ‘उद्या’, हा शब्द आढळल्याचेही त्याने नमूद केले आहे. सिरियाक भाषेतील पेशित्ता या भाषांतरात ‘आमच्या गरजेची भाकर’ असे आहे.

याच सुमारास माझी एक चूक झाली आणि ती सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या जुन्या शब्दकोशात असे लिहिले होते, की इजिप्तमधील हवारा येथे मिळालेल्या एका पपायरसावर (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावर), घरखर्चाच्या यादीत, हा शब्द आढळतो आणि त्याचा अर्थ ‘दिवसाचा शिधा’ असा लागतो. तो मजकूर सेस या अभ्यासकाने 1889 साली प्रसिद्ध केला होता. मला फार आनंद झाला. शब्द अखेर बाजारहाटात भेटला, असे मी वर्गात सांगितले, फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. दोन महिन्यांनी वाचनात आले, की अनेक दशके बेपत्ता असलेला तो पपायरस 1998 साली येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडला, अभ्यासकांनी तो नव्याने वाचला आणि सेसने एपिऊसिओसचा भाग म्हणून वाचलेली अक्षरे ‘एलाइऊ’ अशी निघाली, म्हणजे ‘तेलाचे’. किराणा यादीत तेलाचा खर्च होता, शिध्याचा नव्हे. पुढच्या रविवारी मी मुलांना ती ओळ खोडायला सांगितली आणि का खोडायची तेही सांगितले. ज्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या लोक प्रार्थना करतात, त्याच्याविषयी अशी कच्ची माहिती मुलांच्या हाती दिल्याचे मला फार वाईट वाटले.

‘येत्या दिवसाची भाकर’ हा अर्थ घेण्यात माझी एकच अडचण उरली होती: त्याच अध्यायात (6:34) येशू उद्याची चिंता करू नका असे सांगतो. ती अडचण माझ्यापुरती आजीच्या आठवणीने सुटली. आजी दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाई. दिवसभराच्या कामाचे पैसे, ज्यांना आपल्याकडे ‘रोज’ असेच म्हणतात, दिवस मावळताना हाती पडत. मग ज्वारी, मग गिरणी. रात्री सर्वांची जेवणे झाली की ती पिठाचा डबा उघडून आत हात घाली, सकाळच्या भाकरीपुरते पीठ आहे ना ते बोटांनी पाही, झाकण लावी आणि मग आम्हा नातवंडांना घेऊन प्रार्थनेला बसे. त्या वेळी तिच्या तोंडी आलेल्या ‘आज आम्हाला दे’ यातली भाकर येत्या दिवसाचीच होती, आणि ती मागून झाल्यावर ती झोपी जाई. सकाळी हीच प्रार्थना केली, तर ‘येता दिवस’ म्हणजे नुकताच उजाडलेला दिवस. एपिऊसाचा तसाही वापर ग्रीकमध्ये होत असे.

आठ महिन्यांनी मी त्या मुलीला उत्तर दिले. ‘रोजची’ आणि ‘आज’ ही पुनरुक्ती मराठीत दिसते. मत्तयाच्या ग्रीकमध्ये ‘येत्या दिवसाची’ आणि ‘आज’ असे दोन वेगळे शब्द समोरासमोर उभे आहेत, आणि हा माझा कल आहे, अंतिम निर्णय नव्हे. तिने लगेच लूक काढून पाहिले आणि तिथे ‘आज’ऐवजी ‘रोज’ का, असे विचारले. तेवढे मात्र मला तिथल्या तिथे सांगता आले: मत्तयात ‘दे’ हे क्रियापद एकदाच देण्याचे आहे, तर लूकमध्ये ते देत राहण्याचे आहे. तिने दोन्ही ‘दे’ वहीत एकाखाली एक लिहून घेतले.