मिरजेचं मशीन: ते गप्प नव्हतंच

मिरजेचं मशीन बोलतंय. नेट तोडलं, जोडलं, मुद्दाम पुण्याचा राउटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी बोलतंय. आधीच्या नोंदी वाचलेल्यांना या वाक्याची किंमत कळेल.

नव्यांसाठी दोन ओळी. बाबांनी मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीत सभांमध्ये रेकॉर्ड केलेल्या कॅसेट घरी पडून आहेत. डेक, यूएसबी साउंड कार्ड आणि छोटा पीसी तिकडे आहे, मी पुण्यात. आई कॅसेट लावते, बाजू उलटते. बाकी सगळं मी इथून आरडीपीने (दूरचं विंडोज मशीन नेटवरून चालवायची सोय) करते: रेकॉर्डिंगला रीपर, रीपर स्क्रीन रीडरने वापरता यावं म्हणून ओसारा, आणि पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर एनव्हीडीए, तो दोन्हीकडे.

आरडीपी आपल्यापर्यंत फक्त चित्र पाठवतं. इथल्या एनव्हीडीएला त्या चौकटीत वाचण्यासारखं काहीच सापडत नाही, म्हणून पलीकडे वेगळा एनव्हीडीए लागतो आणि त्याचं बोलणं इकडे यावं लागतं. आवाजाच्या रूपात आणलं की ते मागून येतं आणि पहिलं अक्षर खातं. त्यातून माझी अडचण आणखी वेगळी. आवाज इकडे वळवला की त्या सत्रात तिकडचं साउंड कार्ड दिसेनासं होतं, मग रेकॉर्डिंग कशावर करायचं? म्हणून आरडीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ऑडिओमोडच्या ओळीतला ० काढून १ केला. आता आवाज मिरजेतच राहतो, कार्ड दिसतं, आणि बोलणं आरडीअ‍ॅक्सेस या एनव्हीडीएच्या अ‍ॅड-ऑनमधून (जोडायच्या पूरक भागातून) मजकूर म्हणून येतं. तिकडे सिंथेसायझर (मजकुराचा उच्चार करणारा भाग) म्हणून ‘रिमोट स्पीच’ निवडलेला, प्रत्यक्ष उच्चार इथला ईस्पीक हा सिंथेसायझर करतो. बाण दाबला की लगेच शब्द. इथपर्यंत गेल्या नोंदीत आलं होतं.

त्यानंतर ती भानगड सुरू झाली. नेट क्षणभर जरी गेलं, तरी आरडीपी स्वतःहून पुन्हा जोडलं जायचं आणि पलीकडून एक शब्द यायचा नाही. चौकट उघडी, कळा पोचतायत, रेकॉर्डिंग चालू असावं, पण कानावर काही नाही. कंट्रोल+ऑल्ट+एन दाबून तिकडचा एनव्हीडीए नव्याने सुरू केला की पुन्हा बोलायला लागायचा. त्यामुळे साहजिकच वाटलं की तो कोसळतोय. अ‍ॅड-ऑन एकेक करून बंद केले, व्हीपीएन बदलून पाहिलं, टेम्प फोल्डरमधले जुने लॉग चाळले. लॉगमध्ये एरर एकही नाही. काही दिवस तर रीपरवर संशय होता, कारण प्रत्येक वेळी तोच समोर असायचा.

मग परवा, ऐन रेकॉर्डिंगमध्ये, आईचा फोन आला.

‘अगं, तुझं ते मशीन एकटंच बडबडायलंय बघ.’

‘काय म्हणतंय?’

‘इंग्रजीत कायतरी. तू काय दाबायलीस का तिकडं?’

मी दाबत होतेच. फोन कानाला ठेवून टॅब दाबला. ‘आता बोललं,’ आई म्हणाली. पुन्हा दाबला. ‘आता पण.’ तिला फोन स्पीकरजवळ धरायला सांगितला आणि ऐकलं: विंडोजमधला तो सपाट आवाज रीपरची बटणं शांतपणे वाचत होता. एनव्हीडीए कोसळला नव्हता, अडकला नव्हता. इमानेइतबारे काम करत होता, मिरजेच्या बैठकीच्या खोलीत.

एकदा हे कळल्यावर लॉगमध्ये काय शोधायचं तेही कळलं. जोडणी तुटते त्या क्षणाला साधी माहितीची ओळ होती: वनकोर (विंडोजचा स्वतःचा) सिंथेसायझर लोड झाला. एरर नसणारच, कारण एनव्हीडीएच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं. रिमोट स्पीचचं दुसरं टोक नाहीसं झालं, म्हणून त्याने हाताशी असलेला दुसरा सिंथेसायझर घेतला. वापरणारा मुका पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि समोर बसलेल्यासाठी ती योग्यच आहे. पण जोडणी परत आली तरी तो त्याच दुसऱ्या सिंथेसायझरवर राहतो. आवाज इकडे वळवलेला असता तर निदान तो वेगळा आवाज ऐकू येऊन उलगडा झाला असता. माझ्या मांडणीत तो ऐकणारं माणूस एकच होतं, आई.

उपाय आरडीअ‍ॅक्सेसमध्येच आहे. मिरजेच्या एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये, रिमोट डेस्कटॉपच्या विभागात, जोडणी तुटल्यावर रिमोट स्पीच आपोआप परत आणायची टिकची चौकट आहे. माझ्याकडे ती रिकामी होती. स्पेस दाबला, ओके केलं, राउटर बंद, चालू, वाट पाहिली. आधी काही नाही. मग इथल्या ईस्पीकच्या ओळखीच्या आवाजात ट्रॅकचं नाव आलं. मी टाळीच वाजवली. ज्यांचं पलीकडचं मशीन बिनस्पीकरचं आहे, किंवा माझ्यासारखा आवाज तिकडेच ठेवलाय, त्यांनी ही चौकट आजच तपासा.

त्याच बैठकीत आणखी एक काम उरकलं. यूएसी विचारणा (बदल करण्याआधी विंडोज मागते ती परवानगी) आली की सगळं गप्प व्हायचं. जनरल सेटिंगमधलं, सध्याची सेटिंग साइन-इन आणि सुरक्षित पडद्यांवर वापरायचं बटण दाबलं. आता तिथेही बोलतं. बटण दाबण्याआधी नको असलेले अ‍ॅड-ऑन काढा, कारण तेही सोबत जातात. लॅपटॉपला ब्रेकची कळ नसणाऱ्यांसाठी: पूर्ण पडद्यातून बाहेर यायला कंट्रोल+ऑल्ट+होमने वरच्या पट्टीवर या. आणि आरडीपीचं ३३८९ पोर्ट राउटरवर थेट उघडू नका, कितीही सोपं वाटलं तरी. मी टेलस्केल या व्हीपीएनवर आहे, समाधानी आहे.

एनव्हीडीए रिमोट (एका एनव्हीडीएमधून दुसरीकडचं मशीन चालवायची सोय) का नाही, असं काहींनी विचारलं होतं. त्याच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. क्रिस्टोफर टॉथ आणि टायलर स्पायव्ही यांनी २०१५ मध्ये लोकवर्गणीतून ते उभं केलं, आणि २०२५.१ आवृत्तीपासून ते एनव्हीडीएच्या आतच आलंय. मैत्रिणीच्या मशीनवर मदत करायची तर मी दुसरं काही उघडतच नाही. पण त्यातून फाइली येत नाहीत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ म्हणजे मिनिटाला सतरा एमबीच्या वर, सी-९० ची एक बाजू साधारण पावणेआठशे एमबी. फ्लॅक केलं (दर्जा न घालवता फाइल आवळली) तरी बरंच उरतं. आरडीपीत माझा ड्राइव्ह तिकडे दिसतो, कॉपी करून टाकायचं, झालं. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरची आरडीपीसाठी स्वतःची वाट आहे, पण परवान्यात रिमोटची सोय हवी. घरच्या छंदाला ते जड जातं.

आता खरी मजा. ओसाराचा पीक वॉचर (आवाजाची कमाल पातळी सांगणारी सोय) मजकुराच्या वाटेने येतो, म्हणजे कॅसेट ऐकू येत नसतानाही पातळी कळते. तबल्याची थाप पडली की ‘उणे सात पॉइंट दोन’ (डेसिबल; शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा आवाज). तिहाईला उणे पाचच्या आसपास, मग टाळ्यांना एकदम वर. आकड्यांवरून बैठक कुठे रंगली ते ओळखू येतं, आणि नंतर फाइल उघडून ऐकलं की तिथे खरंच सम असते. क्लिपिंग, म्हणजे पातळी मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटणं, अजून एकाही बाजूला नाही.

पण पातळीवरून अ‍ॅझिमथ (डेकच्या हेडचा टेपशी असलेला कोन) कळत नाही. दोन कॅसेटवर तानपुऱ्याची वरची झिलई गेलेली आहे, हेड तिरकं बसतंय हे नक्की. आई स्क्रू फिरवायला तयार आहे, मला त्या वेळी ऐकू यायला हवं. फोनवर जमणार नाही, तिथे नेमका वरचाच भाग कापला जातो. ठरवलं होतं की तेवढ्यापुरता ऑडिओमोड ० करायचा, पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की मग कार्डच जाईल. त्यापेक्षा सोनोबस, नेटवरून थेट आवाज पाठवणारं सॉफ्टवेअर! ते प्लगइन म्हणून रीपरमध्ये बसतं. ट्रॅकवर टाकलं, इनपुट मॉनिटरिंग चालू ठेवलं, की बोलणं मजकुराने आणि गाणं सोनोबसने, दोन वेगळ्या वाटांनी येईल. मग तर प्रत्येक बाजू रेकॉर्ड होताना ऐकताही येईल. म्हणजे पुढच्या महिन्यासाठी ठरवलेलं डेक पुण्याला आणायचं काम तूर्त रद्द.

सोनोबसचं प्लगइन कुणी एनव्हीडीएने चालवलंय का? ग्रुपचं नाव टाकायची जागा आणि जोडायचं बटण वाचलं जातं का, एवढंच हवंय. वाचलं जात नसेल तर मी सुटं अ‍ॅप वापरून बघते. रविवारी आईला वेळ आहे, बारीक स्क्रू-ड्रायव्हर तिने शेजारून आणून ठेवलाय.