व्हेनिसला जाताय? सुट्टी नाणी घेऊन सान झाक्कारियाला जा

सान मार्कोच्या चौकातल्या गर्दीतून बाहेर पडलो की पाच-सात मिनिटांत हे चर्च येतं, वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसने, आलात तर स्टॉपचं नावच सान झाक्कारिया आहे. आत जायला तिकीट नाही. डाव्या भिंतीवरच्या दुसऱ्या वेदीवर जोव्हान्नी बेलिनीचं १५०५ सालचं चित्र आहे, मरियामाता, मांडीवर बाळ येशू आणि बाजूला चार संत. चार मीटरहून उंच!

आधी अंधारात काहीच नीट दिसेना. शेजारच्या मशीनमध्ये नाणं टाकलं की दिवा लागतो, तोही थोडाच वेळ, आणि आमच्याकडे सगळ्या नोटा. बाहेर जाऊन कॉफी घेतली, सुट्टे आणले आणि परत आलो, म्हणून सांगतेय की नाणी आधीच खिशात ठेवा.

दिवा लागल्यावर लगेच जवळ जाऊ नका, वेदीच्या बरोबर समोर थोडं मागे उभे राहा. वेदीचे दगडी खांब खरे आहेत, त्यांच्या आतले खांब रंगवलेले, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळतात की भिंतीत अजून एक खोली आहे असंच वाटतं. मग पुढे या. डावीकडे किल्ल्या घेतलेला पेत्र, त्याच्याजवळ मोडकं चाक घेऊन कॅथरीन, उजवीकडे लुसिया, तिच्या हातातल्या काचेच्या भांड्यात तिचेच डोळे, आणि लाल कपड्यातला जेरोम पुस्तकात पार बुडालेला. बाळाचा एक पाय उचललेला आहे, तो आईने तळहातावर अलगद धरलाय. माझी आई तिथेच थांबली, तान्ह्याला असंच धरतात म्हणाली.

अशा चित्रांना इटालियनमध्ये पवित्र संवाद म्हणतात, पण इथे कुणीच बोलत नाही. सिंहासनाच्या पायरीशी बसलेली देवदूत तंतुवाद्य वाजवतेय आणि बाकीचे जणू तेच ऐकतायत. आम्हीही अर्धा तास गप्प बसलो, नाणी तीनदा टाकली.

हे चित्र नेपोलियनच्या लोकांनी १७९७ मध्ये पॅरिसला नेलं होतं, त्याच्या पाडावानंतर परत आलं, ते बरं झालं, कारण म्युझियममध्ये ते खांब जुळलेच नसते.

दुपारी चर्च बंद असतं आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालते, त्यामुळे वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आतल्या चॅपलचं तिकीट वेगळं आहे पण ते जरूर काढा, खाली तळघरात खांबांभोवती चक्क पाणी साचलेलं दिसतं. आणि वेळ असेल तर फ्रारी चर्चमध्ये बेलिनीचंच १४८८ चं तीन भागांचं चित्र आहे, तिथे तिकीट लागतं.