मारिओला उडी मारायला बूट लागतात म्हणे!

१९९३ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा पिक्चर परत बघितला आणि डोकंच फिरलं, लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. मारिओ काय चीज आहे हे '९९९९ इन वन' व्हिडिओ गेमची कॅसेट लावून खेळलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. पळायचं आणि उडी मारायची, बास! निळं आभाळ, हिरवे पाइप, मुठीने विटा फोडायच्या, कासव दिसलं की त्याच्या पाठीवर उडी.

आता पिक्चरची स्टोरी ऐका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ब्रुकलिनमध्ये उल्का पडली, त्यात डायनासोर मेलेच नाहीत तर दुसऱ्या जगात गेले, तिथे त्यांची माणसं झाली आणि त्या माणसांनी डायनोहॅटन नावाचं शहर वसवलं जिथे बघावं तिकडे अंधार, घाण आणि बुरशी. हो, बुरशी! कारण राजकन्या डेझीच्या बापाला, म्हणजे तिथल्या खऱ्या राजाला, व्हिलन कूपाने उत्क्रांती उलटी फिरवणाऱ्या मशीनने बुरशी करून टाकलंय आणि तो गावभर लोंबकळतोय. गेममध्ये मशरूम खाल्लं की मारिओ मोठा होतो, इथे मशरूम म्हणजे मारिओच्या भावाचे, लुइजीचे, होणारे सासरे! अरे काय चाललंय काय?

गूम्बा तर बघाच. गेममध्ये एवढासा चालता मशरूम, पाय पडला की चपटा. इथे दार अडवतील असे धिप्पाड गडी, अंगात लांब कोट आणि खांद्यांवर सरड्याचं इवलंसं डोकं. लिफ्टमध्ये हे सगळे उभे असतात, लुइजी मागून एकाला धरून हळूच डोलवतो, मग दुसरा डोलतो, मग गाण्याच्या ठेक्यावर अख्खी लिफ्ट डोलायला लागते. मी हसून हसून आडवा झालो, पिक्चरमधला सगळ्यात भारी सीन आहे हा. साखळीने बांधलेला छोटा डायनासोर योशीसुद्धा मस्त जमलाय, अगदी जिवंत वाटतो.

पण उडी? ती मारायला मारिओला मशीनचे बूट घालावे लागतात! ज्याचा जन्मच उडी मारण्यासाठी झाला त्याला बूट! लाल कपडेसुद्धा पार उशिरा अंगावर चढतात. आणि कूपा, काटेरी पाठीचा, आग ओकणारा कूपा, इथे सूट घालून पिझ्झा मागवतो. डेनिस हॉपरसारखा नट घेऊन हे करायचं? मारिओ झालेल्या बॉब हॉस्किन्सने तर नंतर मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की आपण केलेलं सगळ्यात वाईट काम हेच. शूटिंग चालू असताना स्क्रिप्ट बदलत होती म्हटल्यावर बिचारे नट तरी काय करणार. मला राग या लोकांचा नाही, मूळ गेमची लाज वाटून त्यातला रंग आणि मजा खरवडून काढणाऱ्यांचा आहे.

जवळजवळ पावणेपाच कोटी डॉलर घातले, अमेरिकेत दोन कोटींच्या आसपास आले, आणि दोनच आठवड्यांत ज्युरासिक पार्क लागला, मग यांच्या डायनासोरांकडे कोण बघतंय! वर शेवटी डेझी बंदूक घेऊन दारात येते, चला माझ्याबरोबर म्हणते, म्हणजे दुसऱ्या भागाची तयारी. तो भाग काही आला नाही. मारिओ परत मोठ्या पडद्यावर यायला २०२३ उजाडलं, तीस वर्षं गेली, आणि त्यात पोरांच्या दोन पिढ्या थिएटरात मारिओ न बघताच मोठ्या झाल्या याचं मला फार वाईट वाटतं.