तुम्ही विचारलंत म्हणून: कयाकिंगसाठी किती गाठी यायला हव्यात?

नव्यानं कयाकिंग, म्हणजे वल्ह्यानं चिंचोळी छोटी बोट चालवायला, शिकणारं कुणी भेटलं, की गप्पा फिरून फिरून इथे येतातच: ‘दोराचं आणि गाठींचं कसं शिकलात? किती गाठी आल्या म्हणजे पुरे?’ तुम्हीही तेच विचारलंत. माझं उत्तर आहे पाच. पण या पाचांच्या आधी एक गोष्ट हाताला यायला हवी, आणि ती गाठींच्या तक्त्यात कधी नसते. दोर सोडता आला पाहिजे.

मराठीत सुरगाठ आणि निरगाठ असे दोन शब्द आहेत. एक टोक खेचताच मोकळी होते ती सुरगाठ. ओढाल तशी आवळत जाते ती निरगाठ. गाडीच्या टपावर कयाक बांधताना निरगाठ चालेल, रात्री काठावरच्या झाडाला बोट बांधून ठेवतानाही चालेल. वाहत्या पाण्यातल्या माणसाच्या अंगाला ती कधीही चालत नाही.

प्रवाहाबरोबर मोकळा वाहणारा माणूस पाण्याच्याच वेगानं जात असतो, म्हणून धारेचा जोर त्याच्या अंगावर फारसा येत नाही. तोच माणूस दोरानं एका जागी जखडला गेला, की अख्खी धार त्याच्यावर येऊन आदळते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. दोर त्याला पुढे जाऊ देत नाही आणि पाणी त्याला खाली दाबतं. कितीही उत्तम पोहता येत असलं तरी तिथे काही चालत नाही. म्हणूनच बचावासाठीच्या खास लाइफ जॅकेटला छातीवरून जाणारा एक पट्टा असतो आणि पुढच्या बाजूला एक गोटी. गोटी ओढली की बकल उघडतं आणि पट्टा सरकून निघून जातो, त्याच्याबरोबर दोरही. अंगाला दोर लावायचाच असेल तर फक्त या पट्ट्याच्या कडीला. आणि तेही हा पट्टा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पाण्यात, ताण असताना, आपल्या हातानं अनेकदा सोडून पाहिल्यावर.

हे मी ऐकून शिकले नाही. पहिल्याच वर्षी शांत पाण्यात एकमेकांना ओढून नेण्याचा सराव चालला होता. सोबत्याच्या कयाकला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक मी माझ्या सीटमागच्या कडीला पक्कं बांधलं, अगदी निरगाठ. वारा सुटला, त्याची कयाक आडवी झाली आणि पाण्याखालच्या एका खुंटात अडकली. दोर ताठ झाला. माझी कयाक मागच्या बाजूनं खेचली जाऊन कलायला लागली. मी हात मागे नेऊन गाठ चाचपत होते, पण ताणाखालची गाठ दगड झाली होती. सुरी होती, सीटच्या मागे, बंद पिशवीत. शेवटी सोबत्यानं त्याच्याकडचं टोक सोडलं म्हणून मी पालथी होता होता राहिले. तेव्हापासून सुरी माझ्या जॅकेटच्या खांद्यापाशी असते, कुठल्याही एका हातानं काढता येईल अशी. दोर सोबत असेल तर सुरी हवीच, आणि अंगावर हवी. ओढण्याचा दोर आता कमरेच्या पट्ट्यावर, तसाच एका झटक्यात सुटणारा. काही कयाकर तो बोटीच्या वरच्या बाजूच्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, लावतात. दोन्ही पद्धती ठीक आहेत, अट एकच, की ताण असतानाही तो सुटला पाहिजे.

आता थ्रो बॅग, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोराची पिशवी. गाठींबद्दल विचारणाऱ्यांना मी आधी हिच्याकडे वळवते, कारण नदीवर दोरानं जीव वाचतो तो बहुतेक वेळा गाठीविना. एका छोट्या पिशवीत साधारण १५ ते २० मीटर तरंगणारा दोर कोंबलेला असतो. कोंबलेला म्हणजे शब्दशः कोंबलेला: वेटोळं करून ठेवायचा नाही. मुठीनं थोडा थोडा आत ढकलत जायचं, म्हणजे फेकल्यावर तो गुंता न होता सुटत जातो. तरंगणारा अशासाठी, की बुडालेला दोर दगडांत अडकतो आणि पोहणाऱ्याला दिसतही नाही. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, डायनीमा हा कृत्रिम धागाही तरंगतो आणि वजनाच्या मानानं पोलादापेक्षा कितीतरी मजबूत असतो. नायलॉन बुडतं, शिवाय ताणलं की लांबतं. गिर्यारोहणाचा जुना दोर घरात आहे, तो चालेल का, असं बरेच जण विचारतात. फेकायला चालणार नाही, तो याच कारणासाठी.

फेकण्याआधी ओरडायचं, ‘दोर!’ पाण्यातल्या माणसानं वर पाहिलं, नजरानजर झाली, की मगच हात सोडायचा. धार सेकंदाला ३ मीटर धावत असेल, तर पाच सेकंदांत तो माणूस १५ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे अख्ख्या दोराएवढा. दुसरी संधी मिळेलच असं नाही, म्हणून दोर माणसाच्या अंगावरून पलीकडे पडेल असा फेकायचा, अलीकडे पडला तर वाया. हुकलाच, तर परत पिशवीत भरत बसायचं नाही. दोर भराभर ओढून हातावर मोठी वेटोळी घ्यायची, पिशवीत पाणी भरून तिला वजन द्यायचं आणि पुन्हा फेकायचं. मी या दुसऱ्या फेकीचा सराव पहिलीपेक्षा जास्त करते. पहिली फेक सगळेच शिकतात.

पाण्यातल्या माणसानं पिशवी धरायची नाही, दोर धरायचा. पिशवीत दोर शिल्लक असेल तर ती धरून तो आणखी खाली वाहत जाईल. पाठीवर उताणं, दोर छातीशी आणि काठापासून लांबच्या खांद्यावरून, म्हणजे पाणी तोंडावर न येता अंगाला काठाकडे वळवतं. हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. काठावरच्यानंही नाही. त्यानं खाली बसायचं, पाय रोवायचे, दोर कमरेमागून घ्यायचा आणि झटका येईल तेव्हा थोडा थोडा सैल सोडत जायचा. पोहणारा लंबकासारखा झुलत काठाला येतो. म्हणून उभं राहण्याची जागा निवडताना आपण कुठे उभे आहोत हे पाहून भागत नाही, हा लंबक कुठे जाऊन थांबणार ते पाहायचं. तिथे पाण्यात पडलेलं झाड असेल तर जागा बदलायची. फांद्यांमधून पाणी आरपार जातं, माणूस जात नाही.

दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ, कडी, हातात धरायचा फासा असं काही असू नये. ज्या टोकाला गाठ आहे ते दोन दगडांच्या फटीत शिरलं की अडकून बसतं, आणि धावत्या पाण्यातला अडकलेला दोर पुढच्या माणसासाठी सापळा होतो. माझ्या पहिल्या थ्रो बॅगच्या दोराला टोकाशी सुंदर फासा बांधलेला होता. तो मी सोडून टाकला. गाठी शिकायला आलेल्याला पहिलं काम दिलं, तर मी हेच देईन.

आणि आता त्या पाच गाठी.

आठाची गाठ, दुपदरी दोरात बांधलेली. कुठेही पक्का फासा हवा असेल तर हीच. तिचा मोठा गुण म्हणजे एका नजरेत तपासता येते: दोन्ही पदर शेजारी शेजारी, कुठेही एकमेकांवरून न जाता आठाचा आकार काढताना दिसले तर गाठ बरोबर. सोबत्यानं बांधलेली गाठ थंडीनं कुडकुडताना तपासायची असते तेव्हा याची किंमत कळते. कुठलीही गाठ दोराची ताकद कमी करते, ही साधारण पाव हिस्सा खाते, पुष्कळ गाठींपेक्षा कमी. दर्यावर्दी मंडळी ज्या बोलाइन नावाच्या फाशाच्या गाठीवर जीव टाकतात ती त्याहून अधिक खाते. पण माझी तक्रार वेगळी आहे. गुळगुळीत सिंथेटिक दोरात, ताण जाऊन येऊन राहिला, तर बोलाइन हळूहळू सैल पडते. नदीवर मी ती वापरत नाही. माझ्याशी असहमत असणारे अनुभवी लोक आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

डबल फिशरमन, बारीक दोरीची टोकं जोडून वळं करायला. शेपट्या, म्हणजे गाठीबाहेर उरलेली टोकं, दोराच्या जाडीच्या दहापट तरी ठेवा. टेपची म्हणजे चपट्या पट्टीची गाठ, झाडाला किंवा खडकाला वेढा घालायला. ही पुन्हा पुन्हा ताण बसला की सरकते, म्हणून शेपट्या ७-८ सेंटिमीटर ठेवायच्या आणि प्रत्येक वापराआधी पाहायच्या. टपावर कयाक बांधायची ट्रकवाल्यांची गाठ, जिच्यात दोरच स्वतःभोवती वळून कप्पीसारखं काम करतो. ती चांगली बांधली नाही तर नदीवर पोचण्याआधीच अपघात होतो, म्हणून मी तिला सुरक्षेतच धरते.

आणि प्रुसिक. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ती मांडली. जाड दोरावर बारीक दोरीच्या वळ्याचे तीन वेढे घ्यायचे. ताण दिला की ते दोर पकडतात, ताण काढला की हातानं सरकतात. दोर ९-१० मिलिमीटरचा असेल तर वळं ६-७ मिलिमीटरचं. दोघांत फरक नसेल तर पकड बसत नाही. दगडाला चिकटलेली कयाक काढायला जी तिप्पट ओढीची रचना करतात, तिच्यात दोन प्रुसिक लागतात: एक ओढायला, एक मिळालेला दोर परत जाऊ न द्यायला. कागदावर तिप्पट, प्रत्यक्षात घर्षण त्यातलं बरंच गिळतं. मी आधी सोपं करून पाहते: दोर ताठ बांधायचा आणि मधोमध धरून आडवा ओढायचा. एवढ्यानंच बोट हलल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे. मात्र ताठ दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि दोरावर एखादं जॅकेट टाकून ठेवायचं, तुटलाच तर त्याचा फटकारा कमी बसावा म्हणून.

‘बुटाच्या नाडीसारखी गाठ मारली तर?’ हेही विचारलं जातं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली ताणाप्रमाणे रंग बदलणारे धागे वापरून चौकोनी गाठ (एकावर एक उलटसुलट मारलेल्या दोन साध्या गाठी) आणि तिची चुकीची जुळी बहीण (दोन्ही एकाच बाजूनं मारलेल्या) यांची तुलना केली होती. चौकोनी गाठीतले पीळ एकमेकांविरुद्ध वळतात म्हणून ती धरते, दुसरीतले एकाच दिशेनं वळतात म्हणून ती निसटते. बघायला दोघी सारख्याच. पण चौकोनी गाठही एका टोकाला झटका बसला की उलटते, तेव्हा जीव टांगायला दोघीही नकोत.

शिकायचं कसं? दीड मीटर दोरी घ्या आणि खुर्चीच्या पायावर बांधायला लागा. डोळे मिटून, हातमोजे घालून, मग पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून. हे शेवटचं चुकवू नका. घरात दहा सेकंदांत होणारी गाठ गारठलेल्या बोटांना ओळखूच येत नाही. रोज पाच मिनिटं, महिनाभर. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा हे जास्त टिकतं. दोर नदीवरून आल्यावर धुऊन सावलीत वाळवायचा, उन्हानं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं.

आणि सोडण्याचा सराव. संथ धारेत, खाली मोकळं पाणी असलेल्या जागी, मी प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालून वाहायला लावते आणि दोर फेकते. तो धरला, झुलत काठाकडे यायला लागला, की मी शिट्टी वाजवते. शिट्टी ऐकली की मूठ उघडायची, ओढ कितीही गोड वाटत असली तरी. पहिल्या फेरीत बहुतेकांच्या मुठी शिट्टीनंतरही आवळलेल्याच राहतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला उघडायला लागतात.