अकराची पाच नावं झाली: शार्कच्या दातांची वही, दुसरं वर्ष

मागच्या दिवाळीला माझ्या डब्यात शार्कचे बत्तीस जीवाश्म, म्हणजे दगड झालेले, दात होते आणि वहीत शार्कच्या प्रकारांची अकरा नावं. आज दात एकेचाळीस आहेत आणि नावं पाच. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे सहा हरवले?" हरवले नाहीत. ते कधी नव्हतेच.

नव्या मंडळींसाठी थोडं. मी जळगावचा, मुळात झिओलाइटवाला, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी स्फटिक खनिजं जमवणारा. सावद्याच्या खाणीतले स्फटिक गोळा करण्यात पंधरा वर्षं गेली. आपल्याकडे खाली सगळा बेसाल्ट, लाव्हाचे थर. त्यात शार्कचा दात शोधणं म्हणजे तापीत बोंबील शोधणं. दात आले ते मामेभावामुळे. तो आधी साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामावर होता, मग कच्छला गेला. पहिल्या सुट्टीत येताना तंबाखूच्या डबीत मूठभर काळे-करडे सुळे घेऊन आला. आईने एक उचलून विचारलं, "हाई काय शे? कुत्राना दात?"

पहिल्या वर्षी मी सगळे दात टोकावरून ओळखले. रुंद त्रिकोणी दिसला की एक नाव, सडपातळ दिसला की दुसरं, वाकडा असला की तिसरं. इंटरनेटवर फोटो शोधायचा, जुळतंय असं वाटलं की पाकिटावर नाव लिहायचं. पण शार्कच्या एकाच जबड्यात पुढचे, बाजूचे आणि कोपऱ्यातले दात वेगळे असतात, वरचे-खालचेही वेगळे. कार्कॅरिनस हा शार्कचा वंश घ्या: वरचा दात रुंद, करवतीच्या धारेचा, खालचा अरुंद, सरळ. मी एकाच वंशाच्या दातांना चार नावं देऊन बसलो होतो. आता पाकिटावर नुसतं 'कार्कॅरिनस' लिहितो. त्यात जाती बऱ्याच आणि दात एकमेकांसारखे, त्यामुळे एका सुट्या दातावरून जात सांगण्याचं धाडस मी करत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते १७ नंबरच्या दाताने. उंची २३ मिलिमीटर, सुईसारखा निमुळता, टोक आत वळलेलं. वर्षभर तो 'सँड टायगर' या शार्कचा म्हणून पाकिटात होता. कारण काय, तर बारीक आहे आणि बुडाशी छोटे काटे आहेत. श्रावणात पाऊस लागून राहिला होता, ओट्यावर बसून सराफ बाजारातून आणलेलं दहा पटीचं भिंग त्यावर धरलं. सँड टायगरचे बाजूचे सुळे मुख्य सुळ्यापासून सुटे, मुळाच्या खांद्यावर उभे असतात. इथे काटे धारेवरच चढलेले होते, तेही फक्त बुडाशी, भरताच्या वांग्याच्या देठाला असतात तसे. मग दात उलटा केला. जिभेकडच्या बाजूला मुळाचा फुगीर उंचवटा आणि त्याच्या मधोमध खोल खाच. हा हेमिप्रिस्टिस या दुसऱ्याच शार्क वंशाचा, खालच्या जबड्यातला पुढचा दात! याच हेमिप्रिस्टिस सेराचे वरच्या जबड्यातले दात माझ्याकडे आधीपासून होते, वेगळ्या नावाने: रुंद, कडांना ठळक दाते, आणि ते दाते टोकाच्या थोडं अलीकडे थांबतात, पुढचं टोक गुळगुळीत. दोन पाकिटं एका पाकिटात गेली. त्या रात्री मी उरलेली सगळी पाकिटं उघडली.

तेव्हापासून क्रम उलटा केलाय. आधी बाजू ठरवायची: चपटी ती ओठाकडची, फुगीर ती जिभेकडची. मग मूळ बघायचं, त्याचे दोन पाय किती फाकलेत, मधली खाच आहे की नाही. मग धार, आणि दाते कुठे सुरू होऊन कुठे संपतात ते. टोक सगळ्यात शेवटी. रंगाकडे तर बघतच नाही. काळा म्हणजे जास्त जुना असं मला वाटायचं, पण रंग येतो तो ज्या गाळात दात पडून राहिला त्यातल्या खनिजांमुळे.

टायगर शार्कचा, म्हणजे गॅलिओसेर्डोचा, एकच आहे. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, मागच्या बाजूला खाच. त्याने काही त्रास दिला नाही.

पैसे घालून घेतलेला दातही एकच, मोरोक्कोचा. खुरिबगाच्या फॉस्फेट खाणींमधले दात जगभर स्वस्तात विकले जातात. ओटोडस ऑब्लिकस या नामशेष शार्कचा म्हणून आला, वाळूच्या खडकात रुतलेला, फोटोत फारच देखणा. रात्रभर ग्लासभर पाण्यात ठेवला. सकाळी ग्लासात वाळूचा चिखल, आणि मुळाचा अर्धा भाग दुसऱ्याच दाताचा, डिंकाने चिकटवलेला. वरचा भाग मात्र खरा निघाला: धार गुळगुळीत, बाजूला एक जाडसर उपसुळा. म्हणून तो यादीत ठेवलाय, 'अर्धा' असं लिहून.

पाचवं नाव म्हणजे 'ओळख पटली नाही'. ते नाव धरायचं की नाही यावर मुलीशी वाद चालू आहे. त्यात नऊ दात आहेत, बहुतेक मूळ तुटलेले.

जानेवारीत शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा, बडवानी असं करत मध्य प्रदेशातल्या बाग या गावी जाऊन आलो. डायनासोरांच्या काळात नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा फाटा आत आला होता, त्याचे चुनखडीचे थर तिथे आहेत. दात दिसला नाही. शिंपले दिसले, आणि रुपयाएवढा एक समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव. फोटो काढला, जागचा हलवला नाही. आमच्या घरापासून समुद्र इतक्या जवळ होता हे बघूनच पेट्रोलचे पैसे वसूल.

एक दुखणं मात्र राहिलंय. मामेभावाने पहिले दात कुठून उचलले ते लिहून ठेवलं नाही. 'लखपतकडे जाताना, नदीच्या कोरड्या पात्रात,' एवढंच त्याला आठवतं. कच्छमध्ये ज्युरासिकपासून, म्हणजे डायनासोरांच्या काळापासून, त्यांच्या खूप नंतरच्या मायोसीनपर्यंतचे थर आहेत. जागा आणि थर माहीत असता तर निम्मी नावं आपोआप गळली असती. आखाजीला तो घरी येईल. त्याच्यासाठी पन्नास कोरी पाकिटं, एक पेन्सिल आणि मोबाईलमध्ये लोकेशन कसं जपून ठेवायचं याची चिठ्ठी तयार आहे. तंबाखूची डबी मी काढून घेणार आहे.