चार घरं पत्त्याची, दोन मजकुराची

शाळेच्या आठवणींत गॅदरिंग, सहली आणि पीटीच्या सरांची शिट्टी यांवर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मी लिहिणार आहे उच्च माध्यमिकच्या संगणक कक्षात मागच्या भिंतीला लागून असलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसर चिपच्या सराव-किटबद्दल.

अकरावीला मी ‘बायफोकल’ कॉम्प्युटर सायन्स, म्हणजे दुसऱ्या भाषेच्या जागी घ्यायचा व्यावसायिक विषय, घेतलं आणि संस्कृत सुटलं, तेव्हा आजीने घरात जवळजवळ सुतक पाळलं. “संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात रे. तुझा डबा देणार आहे का तेवढे?” पुण्यात हा युक्तिवाद खोडून काढणं सोपं नाही. त्यात पहिल्याच प्रॅक्टिकलला रंगीत मॉनिटरांसमोरून उठवून बाईंनी आम्हाला मागे नेलं. तिथे ना स्क्रीन, ना माऊस. उघडी हिरवी सर्किटची पाटी, कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि लाल उजेडाचे सहा आकडे. डावीकडचे चार पत्त्याचे, उजवीकडचे दोन त्या पत्त्यावर काय आहे ते सांगणारे. ही चिप इंटेलने १९७६ साली काढलेली, म्हणजे आमच्याहून वयाने मोठी. मागच्या बाकावरून कुणीतरी “म्युझियममध्ये द्या” म्हणालं. बाईंनी शांतपणे सांगितलं, की १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीत याच चिपची एक आवृत्ती होती. मागचा बाक गप्प.

बाईंचा नियम एकच : वहीत पूर्ण झाल्याशिवाय किटला हात लावायचा नाही. वहीत चार रकाने. पत्ता, कोड, आज्ञा, शेरा. पाच संख्यांची बेरीज करायची तर आधी एच-एल या रजिस्टरांच्या, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यांच्या, जोडीत पहिल्या संख्येचा पत्ता भरायचा. तो सी०५० असेल (किटची मोजणी सोळाच्या पायाने, नऊनंतर ए ते एफ) तर कोड लिहायचा २१ ५० सी०. पत्त्याचा मागचा अर्धा आधी, पुढचा नंतर, ही इंटेलची रीत. मग सी रजिस्टरमध्ये पाच, ॲक्युम्युलेटर, म्हणजे बेरीज जिथे साठते तो कप्पा, शून्य. पुढे ‘ॲड एम’, म्हणजे एच-एल जिकडे बोट दाखवतंय तिथली संख्या मिळव. एच-एल एकने वाढव, सी एकने कमी कर, सी शून्य झालं नसेल तर परत ‘ॲड एम’कडे उडी. ही उडी कुठल्या पत्त्यावर मारायची ते आपणच बोटं मोजून लिहायचं. मध्ये एखादी आज्ञा घुसवली की खालचे सगळे पत्ते सरकले, आणि खोडरबर काढून बसा. गुणाकाराची आज्ञा चिपमध्ये नव्हतीच. तो परत परत बेरीज करून घडवायचा.

एकदा दोनशे आणि शंभर मिळवले. आकडे उजळले : २सी. म्हणजे दोन सोळे आणि बारा, चव्वेचाळीस! आम्ही बटणं बिघडली म्हणून तक्रार घेऊन गेलो. बाईंनी किटकडे बघितलंसुद्धा नाही. “एका बाइटमध्ये जास्तीत जास्त किती मावतं?” दोनशे पंचावन्न. “मग तीनशेतले दोनशे छप्पन्न कुठे गेले?” ते गेले होते कॅरी फ्लॅगमध्ये, म्हणजे हातचा नोंदवणाऱ्या खुणेत, आणि तो तपासायची आज्ञा आम्ही लिहिलीच नव्हती. मशीनने सांगितलं तेवढंच आणि तसंच केलं होतं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची, हे त्या काळच्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आमच्या बॅचचं प्रॅक्टिकल नेमकं गुरुवारी. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जायचं, आणि परत आली की वहीवरून पहिल्या बाइटपासून पुन्हा टायपायचं. बाईंच्या नियमाची किंमत तेव्हा कळली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. चाळीस पायांच्या चिपची आकृती पायांच्या नावांसकट पाठ करायला लावणं म्हणजे मार्कांसाठी केलेली घोकंपट्टी. ते सगळं मी बारावीच्या सुट्टीतच विसरलो.

एच-एल मात्र विसरलो नाही. इंजिनिअरिंगला सी भाषा आली. डेनिस रिचींनी ती बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. आमच्यापुढे ती आली टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर. फॉर लूपपर्यंत वर्ग खुशीत होता. मग पॉइंटर, म्हणजे संख्येऐवजी तिचा पत्ता धरणारे व्हेरिएबल, आले आणि हॉस्टेलमध्ये अवकळा पसरली. पुस्तकांच्या अप्पा बळवंत चौकातून जाडजूड गाइडं आली, तरी तारांकित पी (*p) म्हणजे काय हे काही मित्रांच्या गळी उतरेना. मला तो जुना ओळखीचा वाटला. पी म्हणजे एच-एल, तारांकित पी म्हणजे एम. बाई म्हणायच्या, “सदाशिव पेठेतला घरनंबर पाकिटावर लिहिलात, म्हणजे घर पाकिटात आलं नाही.” ॲरेची, म्हणजे ओळीने ठेवलेल्या संख्यांची, मोजणी शून्यापासून का, हेही आपोआप सुटलं : पहिली संख्या सुरुवातीच्या पत्त्यापासून शून्य अंतरावर असते. नवीन होतं ते एवढंच, की पी एकने वाढवला तरी पत्ता दोनने पुढे जायचा, कारण टर्बो सीमधला इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटांचा. किटवर हा हिशोब आम्ही करायचो, इथे सीचं मशीनच्या आज्ञांत भाषांतर करणारा कंपायलर करत होता.

सी आधी शिकून पॉइंटर उत्तम समजलेले लोकही मी पाहिलेत, त्यामुळे असेंब्लीवाचून, म्हणजे किटवरच्या त्या थेट आज्ञांवाचून, गत्यंतर नाही असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्याला, ज्याला डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटत नाही, त्याला मात्र त्या सहा आकड्यांनी वाचवलं. आज मी दुचाकींच्या मीटरमधलं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम, सीमध्येच लिहितो. स्पीड मध्येच उडी मारून भलता दिसू लागला, की आमच्याकडची नवी मुलं आधी सेन्सर बदलायला धावतात. मी विचारतो, व्हेरिएबल किती बाइटांचा आहे?

कळलं की संगणक कक्षाचं नूतनीकरण होणार आहे. मुख्याध्यापकांना विनंती : किट भंगारात देण्याआधी मला एक फोन करा. ॲडॅप्टर गेले असतील तर ८०८५ ला पाच व्होल्टच लागतात, इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून मी घेऊन येतो. आणि अकरावीची चार-पाच मुलं शनिवारी दुपारी थांबणार असतील, तर रकाने आखलेल्या वह्याही आणतो.